सिंगापूर (चांगी) ते न्यूयॉर्क (जेएफके): नेमके अंतर किती आणि वेळ कोणता धरायचा?

रेखांश१०४ (प्रश्न)

लांब पल्ल्याच्या विमानमार्गांचा एक तक्ता करतो आहे: दोन विमानतळ, त्यांच्यातले अंतर, लागणारा वेळ आणि पोहोचण्याची स्थानिक तारीख-वेळ. सिंगापूरचे चांगी ते न्यूयॉर्कचे जेएफके या जोडीवर गाडी अडली आहे, कारण आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

अंतर एका ठिकाणी १५,३३९ किमी दिसते, दुसरीकडे १५,३४९ किमी, तिसरीकडे ८,२८८ मैल आणि चौथीकडे ९,५३७ मैल. मी स्वतः वहीवर मांडले तेव्हा उत्तर आले ५,३२१ किमी. ते चूक आहे हे उघड आहे, पण कुठे चुकले ते सापडत नाही.

वेळेचे त्याहून वाईट. एक गणकयंत्र १७ तास ३ मिनिटे म्हणते, दुसरे १९ तास ११ मिनिटे. थेट विमानाच्या तिकिटावर साधारण साडेअठरा तास असतात. शिवाय नकाशावर मार्ग उत्तर ध्रुवाजवळून दाखवतात आणि प्रत्यक्ष विमान बऱ्याचदा प्रशांत महासागरावरून जाते. मग तक्त्यात अंतर कोणते लिहायचे आणि वेळ कशावरून काढायचा? इतर जोड्यांनाही लावता येईल अशी पद्धत हवी आहे, तयार आकडा नको.

महावृत्त (प्रतिसाद)

तुमचे पहिले चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. आधी पाचवा पाहू.

५,३२१ येण्याचे कारण रेखांशाचे चिन्ह. चांगी १०३.९८९४ पूर्व, जेएफके ७३.७७८९ पश्चिम. पश्चिम रेखांश ऋण घ्यावा लागतो, त्यामुळे फरक १०३.९८९४ + ७३.७७८९ = १७७.७६८३ अंश. तुम्ही बेरजेऐवजी वजाबाकी केलीत, फरक ३०.२१ आला आणि न्यूयॉर्क मध्य आशियात जाऊन बसले. लांबच्या जोड्यांमध्ये सर्वाधिक होणारी चूक हीच आहे.

दुसरी नेहमीची चूक अंश-कला-विकलांची. जेएफकेचा अक्षांश ४० अंश ३८ कला २३ विकला असा छापलेला असतो. तो ४०.३८२३ नव्हे. ३८ भागिले ६० आणि २३ भागिले ३,६०० मिळवले की ४०.६३९७ येतो. हा फरक पाव अंशाचा, म्हणजे २८ किमीपेक्षा जास्त आहे. तिसरी चूक स्प्रेडशीटमधली: तिथली साइन-कोसाइन फंक्शन्स रेडियनमध्ये चालतात, त्यामुळे अंशांना आधी π (पाय, ३.१४१६) भागिले १८० ने गुणायला हवे. हे राहून गेले तर उत्तर इतके विचित्र येते की लगेच लक्षात येते. पाव अंशाची चूक मात्र गुपचूप बसून राहते, म्हणून ती जास्त धोक्याची.

आता पूर्ण मांडणी, हॅवरसाइन सूत्राने (गोलावरच्या दोन बिंदूंमधले अंतर काढायचे सूत्र). चांगीचा अक्षांश १.३५९२ उत्तर, जेएफकेचा ४०.६३९७ उत्तर.

अक्षांशांतला फरक ३९.२८०५, त्याचा अर्धा १९.६४०३. त्याच्या साइनचा वर्ग ०.११३०.

रेखांशांतल्या फरकाचा अर्धा ८८.८८४२. त्याच्या साइनचा वर्ग ०.९९९६. याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने (०.९९९७ आणि ०.७५८८) गुणायचे, ०.७५८३ येते.

दोन्हींची बेरीज ०.८७१३. वर्गमूळ ०.९३३४. त्याचा व्यस्त साइन ६८.९७६ अंश, दुप्पट १३७.९५२ अंश. हा झाला पृथ्वीच्या केंद्राशी दोन विमानतळांमध्ये होणारा कोन. रेडियनमध्ये २.४०७७. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी, गुणाकार १५,३३९ किमी आणि थोडे वर.

हा तुमचा पहिला आकडा. यात पृथ्वी तंतोतंत गोल धरली आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांशी चपटी आहे, आणि त्यामुळे अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सारख्या लांबीचा नसतो: विषुववृत्ताजवळ सुमारे ११०.६ किमी, ध्रुवाजवळ सुमारे १११.७ किमी. आपली रेषा चांगीहून जवळजवळ सरळ उत्तरेला चढते, ध्रुवाच्या शेजारून जाते आणि ४०.६ अक्षांशापर्यंत खाली येते. लांब अंशांचा उत्तरेकडचा पट्टा ती दोनदा ओलांडते, आखूड अंशांचा विषुववृत्ताकडचा पट्टा एकदाच. म्हणून खरे अंतर गोलाच्या हिशेबापेक्षा दहाएक किमी जास्त, १५,३४९ किमी. नकाशे आणि जीपीएस ज्या डब्ल्यूजीएस ८४ या लंबगोलावर चालतात त्यावरचा हा आकडा आहे. तक्त्यात हाच लिहा.

८,२८८ हे नॉटिकल मैल (एक म्हणजे १.८५२ किमी) आणि ९,५३७ हे साधे मैल (१.६०९ किमी). अंतर एकच, एकके वेगळी. नुसते 'मैल' लिहिलेला आकडा दिसला की किलोमीटरच्या आकड्याने भागून पाहा: ०.५४ आले तर नॉटिकल, ०.६२ आले तर साधा.

लंबगोलावरचे अंतर काढायला बहुतेक प्रोग्राम १९७५ चे व्हिन्सेंटी यांचे सूत्र वापरतात. आपल्या जोडीला ते व्यवस्थित चालते. पण दोन बिंदू पृथ्वीच्या अगदी विरुद्ध टोकांना असले, म्हणजे कोन १८० अंशांना जवळपास टेकला, की हे सूत्र फेऱ्या मारत राहते आणि उत्तरच देत नाही. कार्नी यांनी २०१३ मध्ये दिलेली पद्धत तिथेही चालते. तक्त्यात अशा जोड्या येणार असतील तर तीच घ्या.

१० ते १२ किमी उंचीवरून उडताना तोच कोन कापायला थोडे जास्त अंतर लागते. ११ किमी उंचीवर या मार्गाला ते सुमारे २६ किमी भरते, म्हणजे दोन मिनिटांच्या आतबाहेर. अंतराच्या आकड्यात हे कुणी मिळवत नाही, तुम्हीही मिळवू नका.

वातदिशा (प्रतिसाद)

अंतराचे झाले. वेळेचा प्रश्न खरा इथून सुरू होतो, कारण तुम्ही निवडलेली जोडी साधी नाही. रेखांशांतला फरक १७७.८ अंश, म्हणजे न्यूयॉर्क सिंगापूरच्या जवळजवळ पाठीमागे आहे. अशा जोडीला सर्वात जवळचा मार्ग असतो एकच, पण त्याहून किंचित लांब असे मार्ग दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. त्यातला कोणता घ्यायचा हे मुख्यतः वारा ठरवतो.

आकड्यांत पाहू. महावृत्ताची, म्हणजे गोलावरच्या सर्वात जवळच्या मार्गाची, रेषा चांगीहून थायलंडचे आखात, लाओस, चीन, मंगोलिया, सैबेरिया अशी वर जाते, ध्रुवापासून सुमारे २८० किमीवरून निघते आणि ग्रीनलंडच्या वायव्य टोकाजवळून, बॅफिन बेट आणि क्यूबेकवरून न्यूयॉर्कला उतरते. १५,३४९ किमी. आता पूर्वेकडून, टोकियोवरून गेलो तर? सिंगापूर ते टोकियो सुमारे ५,३५० आणि टोकियो ते न्यूयॉर्क सुमारे १०,८५०, मिळून १६,२०० च्या आसपास. पश्चिमेकडून, लंडनवरून गेलो तर सुमारे १०,९०० अधिक ५,५५०, म्हणजे १६,४०० आणि थोडे वर. पृथ्वीच्या एकेका बाजूने वळसा घेऊनही जास्तीचे अंतर ८५० ते १,१०० किमी. जेमतेम तासाभराचे उड्डाण.

आणि हा तास वारा परत देऊ शकतो. मध्य अक्षांशांत उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या वेगवान पट्ट्याच्या, म्हणजे जेट स्ट्रीमच्या, गाभ्यात हिवाळ्यात ताशी २०० किमीच्या वर वेग नेहमीचा असतो, आणि जपानच्या पूर्वेला प्रशांत महासागरावर तो सर्वात जोरकस पट्ट्यांपैकी एक. म्हणून सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाताना प्रशांतावरून पूर्वेकडे जाणे परवडते. न्यूयॉर्कहून परतताना अटलांटिक आणि युरोपवरून पुन्हा पूर्वेकडेच येता येते. जाताना पूर्वेला, येताना पूर्वेला, एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा. ही गोष्ट मला या मार्गाची सर्वात सुंदर बाजू वाटते. थोड्याच जोड्यांना हे जमते.

वेळ काढायची पद्धत अशी. विमानाचा हवेतला वेग माक अंकात (ध्वनीच्या वेगाच्या किती पट) असतो, या मार्गावरच्या एअरबस ए३५० विमानासाठी साधारण ०.८५. ११ किमी उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ सेल्सिअस, तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटर, म्हणजे ताशी १,०६२ किमी. त्याचे ०.८५ पट, ताशी ९०३ किमी. यात मार्गावरचा सरासरी पाठचा वारा मिळवायचा किंवा समोरचा वजा करायचा. मिळतो तो जमिनीवरचा वेग. मार्गाच्या अंतराला त्याने भागायचे. मग चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो त्याची २० मिनिटे, आणि टॅक्सीची (गेट आणि धावपट्टी यांच्यात विमान जमिनीवर चालते त्याची) निघताना २० व उतरल्यावर १५ मिनिटे मिळवायची. एकूण ५५ मिनिटे.

प्रशांतावरून, मार्गाचे वळणवाकण धरून १६,४०० किमी घेऊ. सरासरी पाठचा वारा ताशी ४० किमी असेल तर वेग ९४३, उड्डाण १७ तास २३ मिनिटे, एकूण १८ तास १८ मिनिटे. वारा ८० असेल तर एकूण १७ तास ३६ मिनिटे. वारा शून्य तर १९ तास ५ मिनिटे. ध्रुवाजवळून १५,५५० किमी आणि वारा शून्य धरला तर एकूण १८ तास ८ मिनिटे. आता पहिले आणि शेवटचे उत्तर शेजारी ठेवा. मार्गांत ८५० किमीचा फरक, वेळेत दहा मिनिटांचा.

तुमच्या दोन गणकयंत्रांचा उलगडाही यात आहे. एक १५,३४९ ला ९०० ने भागते, १७ तास ३ मिनिटे. दुसरे ८०० ने भागते, १९ तास ११ मिनिटे. दोन्हींत वारा नाही, टॅक्सी नाही, मार्ग नाही. ताशी ८०० हा आकडा दोनेक हजार किमीच्या उड्डाणांसाठी ठीक, कारण तिथे चढउताराचा वाटा मोठा असतो. १५,००० किमीला तो दोन तासांनी फसवतो.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम: पुशबॅकसाठी (विमान गेटवरून मागे ढकलण्यासाठी) चाकांची अडण काढल्यापासून मुक्कामी गेटवर पुन्हा अडण लावेपर्यंत. त्यात हवेतला वेळ, दोन्हीकडची टॅक्सी आणि वेळापत्रक पाळता यावे म्हणून ठेवलेली सवड असते. म्हणून विमान वेळेआधी पोहोचणे यात नवल नाही. तक्त्यात 'उड्डाणाचा वेळ' आणि 'ब्लॉक टाइम' असे दोन वेगळे रकाने ठेवा.

जाता-येतानाचा वारा एकमेकांना फिटवतो असे समजून सरासरी काढू नका. १५,००० किमीला ९०० च्या वेगाने दोन्ही फेऱ्या मिळून ३३ तास २० मिनिटे. एकीकडे पाठचा १०० आणि दुसरीकडे समोरचा १०० असला तर १५ तास आणि १८ तास ४५ मिनिटे, बेरीज ३३ तास ४५ मिनिटे. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा. दोन्ही दिशांचे वेगळे वेळ लिहा. पर्थ ते लंडन (१४,४९९ किमी) हे याचे ठसठशीत उदाहरण आहे. तिथे प्रदक्षिणेची सोय नाही, पश्चिमेला वाऱ्याविरुद्धच जावे लागते. जाताना साधारण साडेसतरा तास, येताना पावणेसतराच्या आसपास.

महावृत्त (प्रतिसाद)

@वातदिशा, एक भर. मार्ग वाऱ्यासोबत आकाशाच्या परवानगीवरही ठरतो. २०२२ पासून अनेक देशांच्या कंपन्यांना रशियाचे आकाश बंद आहे आणि ज्यांना बंदी नाही त्यांतल्याही काही ते टाळतात. हेलसिंकी–टोकियो महावृत्ताने सुमारे ७,८०० किमी आहे. सैबेरियावरून जाताना साडेनऊ तासांच्या आसपास लागत. वळसा घ्यावा लागल्यावर तेच १३ तासांवर गेले. विमानतळ हलले नाहीत, अंतराचे सूत्र बदलले नाही, वेळ मात्र एक तृतीयांशाहून जास्त वाढला. त्यामुळे तक्त्यात वेळेच्या शेजारी तो कोणत्या वर्षाच्या वेळापत्रकातला आहे हे लिहा, नाहीतर जुना आकडा कुणीतरी विश्वासाने वापरेल.

इंधनटाकी (प्रतिसाद)

'कागदावर पल्ला पुरतो, मग सगळीच विमाने हे अंतर का उडत नाहीत' हा पुढचा प्रश्न येतोच, म्हणून आत्ताच लिहितो.

सिंगापूर–नेवार्क (न्यूयॉर्कचाच दुसरा विमानतळ) थेट उड्डाण २००४ ते २०१३ या काळात चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने होत असे. इंधनाचा खर्च झेपेना, मार्ग बंद झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो ए३५०-९०० यूएलआरने (अति-लांब पल्ल्याची आवृत्ती) पुन्हा सुरू झाला आणि जेएफकेची सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये आली. या विमानात इंधनाची क्षमता नेहमीच्या ए३५०-९०० च्या सुमारे १,४१,००० लिटरवरून १,६५,००० लिटर केली आहे, आणि आसने फक्त १६१: ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. माणसे आणि सामान कमी करून ते वजन इंधनाला दिले आहे.

विमान बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेला पल्ला १८,००० किमी, आपले अंतर १५,३४९. मधली जागा रिकामी वाटते, पण ती वापरातली आहे. समोरचा वारा, वळसा, मार्गातल्या अंदाजाच्या चुकीसाठी राखीव (साधारण प्रवासाला लागणाऱ्या इंधनाच्या ५ टक्के), पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्याच्यावर घिरट्या घालायला ३० मिनिटांचे शेवटचे राखीव. हे सगळे त्या फरकातून जाते.

ध्रुवाजवळचा मार्ग निवडताना आणखी एक गोष्ट पाहतात, इंधनाचे तापमान. जेट ए-१ या विमान-इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ सेल्सिअस, अमेरिकेत भरले जाणारे जेट ए उणे ४० ला. बाहेर उणे ६५ असताना पंखांतले इंधन तासन्‌तास थंड होत जाते. ते मर्यादेजवळ आले की वैमानिक खाली, कमी थंड थरात येतात किंवा वेग वाढवतात. दोन्हींत इंधन जास्त जळते. न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानात जेट ए असते, म्हणून परतीच्या ध्रुवमार्गाला ही अडचण जास्त.

थंड हवेचा वेळेवरही परिणाम होतो. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. उणे ५६.५ ला माक ०.८५ म्हणजे ताशी ९०३, उणे ६६ ला तोच माक म्हणजे सुमारे ८८३. ताशी २० किमी कमी. पाच-सहा तास अशा हवेत गेले तर सात-आठ मिनिटे लांबतात. वातदिशा यांच्या मांडणीत हे धरलेले नाही, पण मोठे नाही.

रेखांश१०४

खूप स्पष्ट झाले, आभार. चिन्हाची चूक दुरुस्त केली, १५,३३९ आले. लंबगोलासाठी वेगळा प्रोग्राम चालवला, १५,३४९ आले.

पोहोचण्याच्या तारखेचे अजून घोळते आहे. प्रशांतावरून गेले तर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते, मग एक दिवस वजा करायचा. ध्रुवावरून किंवा युरोपवरून आले तर वजा करायचा नाही. म्हणजे मार्ग माहीत असल्याशिवाय तारीख काढता येणार नाही का?

घटिका (प्रतिसाद)

वाररेषा विसरून जा. मार्ग कोणताही असो, पोहोचण्याची तारीख तीच येते. निघण्याची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) न्या, त्यात ब्लॉक टाइम मिळवा, मग मुक्कामाच्या स्थानिक वेळेत आणा. तीनच पायऱ्या, आणि तारीख सोबत वाहत राहते.

सिंगापूर वर्षभर यूटीसी अधिक ८. न्यूयॉर्क हिवाळ्यात उणे ५, उन्हाळी वेळेत उणे ४. उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत.

जाताना: १० तारखेला दुपारी १२:०० ला चांगीहून निघाले, ब्लॉक १८:२०. यूटीसी १० तारीख ०४:००. अधिक १८:२०, म्हणजे १० तारीख २२:२०. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला १० तारीख संध्याकाळचे ६:२०, हिवाळ्यात ५:२०. अठरा तास उडूनही तारीख तीच.

येताना: १० तारखेला रात्री २२:३० ला जेएफकेहून, उन्हाळ्यात, ब्लॉक १८:५०. यूटीसी ११ तारीख ०२:३०. अधिक १८:५०, ११ तारीख २१:२०. सिंगापूरला १२ तारीख पहाटे ५:२०. तिकिटावर वेळेशेजारी छोटे '+२' छापलेले असते ते हेच. ते नजरेतून निसटले की मुक्कामाचे आरक्षण एक दिवस आधीचे होते, आणि पहिल्या रात्री न आलेल्या पाहुण्याचे पूर्ण आरक्षण रद्द करणारी हॉटेले बरीच आहेत. पुढचे जोडविमान वेगळ्या तिकिटावर असेल तर तेही एक दिवस आधीचे घेतले जाते आणि हातचे जाते.

उलट ताळाही करून पाहा: १० तारीख २२:३० ते १२ तारीख ५:२० या घड्याळांतला फरक ३० तास ५० मिनिटे. सिंगापूर १२ तास पुढे, ते वजा केले की १८:५०. जुळले. कंपनीने ब्लॉक टाइम छापलेला नसेल तेव्हा दोन स्थानिक वेळांवरून तो काढायचाही हाच मार्ग.

उन्हाळी वेळेबद्दल दोन सूचना. एक, प्रत्येक ठिकाणचा फरक त्या-त्या क्षणाचा घ्या: निघताना निघण्याच्या गावचा, पोहोचताना पोहोचण्याच्या गावचा. मधल्या रात्री घड्याळ बदलले तरी यूटीसीला फरक पडत नाही. दोन, युरोपात बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, अमेरिकेत वेगळ्या रविवारी. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा लंडन-न्यूयॉर्क फरक पाच तासांऐवजी चार असतो. तक्त्यात फरकाचा एकच आकडा कायमचा लिहून ठेवला तर या आठवड्यांत तो चुकतो. स्प्रेडशीटमध्ये फरक तारखेवरून घेतला जाईल अशी सोय करा. अर्ध्या आणि पाऊण तासाचे फरक असलेले देशही आहेत (भारत ५:३०, नेपाळ ५:४५), तेव्हा रकाना पूर्णांकाचा ठेवू नका.

जोडविमान (प्रतिसाद)

थेट विमानाचे सगळे झाले, पण तक्ता वापरणाऱ्यांतले बरेच जण एक थांबा घेऊन जातील. त्यांना अंतरावरून वेळेचा अंदाज अजिबात येत नाही.

फ्रँकफर्टमार्गे पाहा. सिंगापूर–फ्रँकफर्ट सुमारे १०,३०० किमी, फ्रँकफर्ट–जेएफके सुमारे ६,२००. बेरीज १६,५००, थेट अंतरापेक्षा जेमतेम ७-८ टक्के जास्त. वेळ मात्र असा: दोन्ही टप्पे पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याविरुद्ध. वातदिशा यांच्या पद्धतीने पहिला टप्पा (मार्ग १०,४५० किमी, समोरचा वारा ३०) १२ तास ५३ मिनिटे, दुसरा (६,३०० किमी, समोरचा वारा ५०) ८ तास १८ मिनिटे, मध्ये दोन तास. एकूण २३ तास ११ मिनिटे. ११०० किमी जास्तीचे, पण वेळ पाच तास जास्त. ती ५५ मिनिटे दोनदा मोजली जातात, थांबा वेगळा आणि वाऱ्याची निवड हातातून जाते.

थांबा किती ठेवावा? एकाच तिकिटावर असेल तर विमानतळाने ठरवलेल्या किमान जोडवेळेपेक्षा कमी वेळेचे तिकीट यंत्रणा देत नाही, आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढची व्यवस्था कंपनीकडे असते. दोन वेगळी तिकिटे असतील तर ती जबाबदारी कुणाचीच नाही. सामान उतरवून घ्यायचे, त्या देशात प्रवेश करायचा (म्हणजे व्हिसा लागू शकतो), पुन्हा चेक-इन. अशा वेळी मी पाच तासांहून कमी सुचवणार नाही.

न्यूयॉर्क मुक्काम नसून पुढे जायचे असेल तर आणखी जपून. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय प्रवाशाला पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करावे लागते, पुढे तिसऱ्या देशात जायचे असले तरी. सामानही साधारणपणे तिथेच घेऊन कस्टममधून न्यावे लागते. त्याचा वेळ जोडणीत धरा.

आणि विमानतळाचे संकेताक्षर तपासा. 'न्यूयॉर्क' असे शहर म्हणून शोधले की जेएफकेसोबत नेवार्क आणि लाग्वार्डियाही येतात. सिंगापूरपासूनच्या अंतरात जेएफके आणि नेवार्कचा फरक फक्त पाच किमी (नेवार्क १५,३४४), त्यामुळे तक्त्यावरून चूक लक्षात येणार नाही. प्रत्यक्षात ते शहराच्या दोन विरुद्ध बाजूंना आहेत, हवाई रेषेत तीसेक किमी, आणि गर्दीच्या वेळी रस्त्याने दोन तास सहज जातात. नेवार्कला उतरून जेएफकेहून पुढचे विमान पकडायचे तिकीट शोधयंत्र खुशाल दाखवते.

वातदिशा (प्रतिसाद)

रकाने मी असे ठेवीन: दोन्ही विमानतळांची संकेताक्षरे, लंबगोलावरचे अंतर किमीत, दिशा, थेट किंवा थांब्यासह, उड्डाणाचा अंदाजे वेळ, छापील ब्लॉक टाइम, तो कोणत्या हंगामाचा आणि वर्षाचा, निघण्याची यूटीसी, पोहोचण्याची स्थानिक तारीख-वेळ. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकाच्या ओळी वेगळ्या, कारण वारा आणि घड्याळ दोन्ही बदलतात.

५५ मिनिटांचा आकडा विमानतळानुसार बदला. जेएफकेला संध्याकाळी निघणाऱ्या विमानांची रांग मोठी असते, तिथे निघतानाची टॅक्सी ३० ते ४० मिनिटे धरा. म्हणून परतीच्या फेरीला १८:५० हा ब्लॉक जास्त वाटला तरी त्यातली बरीच मिनिटे जमिनीवरची आहेत.

रेखांश१०४

रकाने तसेच केले. पडताळ्यासाठी पर्थ–लंडन याच पद्धतीने मांडले: १४,४९९ अधिक वळणांचे २००, लंडनकडे समोरचा वारा ३० धरून वेग ८७३, उड्डाण १६ तास ५० मिनिटे, ५५ मिळवून १७ तास ४५. पर्थकडे पाठचा वारा ३० धरून वेग ९३३, १५ तास ४५ अधिक ५५, म्हणजे १६ तास ४०. दोन्ही वर दिलेल्या वेळांना पंधरा मिनिटांच्या आत लागतात. आता उरलेल्या जोड्या भरायला घेतो.